हातांआधी डोळे

१९८६पर्यंत अमेरिकेतल्या अनेक राज्यांत साध्या मोटारीचे लायसन्स असलेला माणूस कायद्याने अठरा चाकी ट्रेलर किंवा भरलेली प्रवासी बस घेऊन रस्त्यावर येऊ शकत होता. काही राज्ये जड वाहनांसाठी वेगळे लायसन्स देत, पण तिथेही चाचणी त्याच जातीच्या वाहनात द्यावी लागेलच असे नव्हते. शिवाय काही ड्रायव्हर दोन-तीन राज्यांची लायसन्स बाळगून असत. एकावर दंडांच्या नोंदी साचल्या की दुसरे पुढे करायचे, म्हणजे रस्त्यावरचा धोकादायक माणूस कागदावर निर्दोषच राहायचा. ऑक्टोबर १९८६मध्ये झालेल्या व्यावसायिक मोटार वाहन सुरक्षा कायद्याने हा मार्ग बंद केला. एका ड्रायव्हरचे एकच लायसन्स, एकच नोंद आणि सर्व राज्यांना लागू असलेली किमान परीक्षा, असे त्याचे सूत्र होते. १ एप्रिल १९९२पासून कमर्शियल ड्रायव्हर्स लायसन्स, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेले सीडीएल, सक्तीचे झाले. ट्रक आणि ट्रेलर मिळून २६,००१ पौंड, म्हणजे सुमारे ११.८ टन किंवा त्याहून जास्त क्षमता असेल आणि त्यातला ट्रेलर १०,००० पौंडांच्या वर असेल, तर 'ए' वर्ग लागतो. तेवढ्याच वजनाचे एकसंध वाहन, उदाहरणार्थ मोठा टिपर किंवा बस, असेल तर 'बी' वर्ग. चालकासह १६ किंवा अधिक माणसे नेणारी लहान बस अथवा धोकादायक मालाची लहान गाडी 'सी' वर्गात जाते. आपल्याकडे १९८८च्या मोटार वाहन कायद्यानेही हलक्या वाहनाचे लायसन्स वर्षभर हाती असल्याशिवाय वाहतूक वाहनाचे लर्निंग लायसन्स मिळत नाही. मोठे वाहन म्हणजे नुसती वाढलेली मोटार नव्हे, ही समज दोन्हीकडच्या कायद्यांत आहे.

या लायसन्ससाठी आधी लेखी परीक्षा होते आणि शिकाऊ परवाना मिळतो. तो किमान १४ दिवस हातात असल्याशिवाय प्रात्यक्षिक चाचणी देता येत नाही. चाचणीचे तीन भाग आहेत आणि त्यांचा क्रम संघीय नियमांनीच ठरवला आहे. आधी गाडीची तपासणी, मग मैदानावर गाडीवरचा ताबा आणि शेवटी रस्ता. तयारी करणारे बहुतेक उमेदवार मात्र मनात हा क्रम उलटा लावतात. त्यांना भीती वाटते ती रस्त्याची आणि रिव्हर्सची. तपासणी म्हणजे त्यांच्या लेखी पाठ करून म्हणून दाखवायचे प्रकरण. माझे म्हणणे याच्या उलट आहे. ही चाचणी मुख्यतः पाहणे, थांबणे आणि पाहिलेले नेमके सांगणे या तीन सवयी तपासते, आणि स्टिअरिंग फिरवणाऱ्या हातांची कसोटी त्यानंतर येते. त्यामुळे तयारीचा मोठा वाटा डोळ्यांच्या शिस्तीवर खर्च व्हायला हवा. असे केल्याने उमेदवार पास होण्याची शक्यता वाढते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पास झाल्यावर त्याच्याजवळ काहीतरी उरते.

याला आधार काय, हे आधी पाहू. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २००१ ते २००३ या काळात जड ट्रकांच्या ९६३ गंभीर अपघातांचा खोल अभ्यास केला आणि २००६मध्ये त्याचा अहवाल काँग्रेसला सादर केला. प्रत्येक अपघातात कोणीतरी मृत्युमुखी पडले होते किंवा जखमी झाले होते. तपासनीसांनी प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारला : टक्कर अटळ झाली ती नेमकी कशामुळे? जिथे हे कारण ट्रकच्या बाजूचे निघाले, त्यांपैकी ८७ टक्के अपघातांत ते ड्रायव्हरशी निगडित होते, १० टक्क्यांत वाहनाशी आणि ३ टक्क्यांत परिस्थितीशी. खरी बोलकी फोड ८७ टक्क्यांच्या आत आहे. ३८ टक्के निर्णयाच्या चुका : वेग जास्त ठेवणे, पुढच्या गाडीला चिकटून चालणे, दुसऱ्याच्या वेगाचा अंदाज चुकणे. २८ टक्के लक्षात न येण्याच्या चुका : पाहिलेच नाही, किंवा पाहूनही ध्यानात आले नाही. १२ टक्क्यांत ड्रायव्हर झोपी गेला होता किंवा आजाराने निकामी झाला होता. आणि गाडी हाताळण्यातली चूक, म्हणजे घाबरून स्टिअरिंग ओढणे, गाडीवरचा ताबा सुटणे, ही फक्त ९ टक्के. ज्याला आपण 'गाडी चालवता येणे' म्हणतो त्याचा वाटा एवढाच, आणि पाहणे व ठरवणे यांचा मिळून ६६. अर्थात हे आकडे नोकरीवर असलेल्या, म्हणजे हात आधीच बसलेल्या ड्रायव्हरांचे आहेत. नवशिक्याच्या हातून हाताळणीच्या चुका जास्त होतील, हे मान्य करायला हवे. पण हाताची चूक सरावाने भरून निघते आणि न पाहण्याची चूक सरावाने उलट पक्की होत जाते. म्हणूनच शिकण्याच्या काळात तिच्यावर पहारा ठेवणे अधिक गरजेचे आहे.

आता पहिला भाग, तपासणी. उमेदवाराला गाडीभोवती फिरून एकेका भागाला हात लावून किंवा बोट दाखवून त्याचे नाव सांगायचे असते आणि तिथे आपण काय पाहतो आहोत तेही सांगायचे असते. इंजिनपासून ट्रेलरच्या मागच्या दारापर्यंतचे भाग मोजले तर यादी सहज शंभराच्या घरात जाते. प्रशिक्षणशाळांमध्ये या यादीचे एक साचेबंद वाक्य तयार झालेले असते : नीट बसवलेला आहे, तडकलेला नाही, वाकलेला नाही, तुटलेला नाही. हे वाक्य प्रत्येक भागाला चिकटवत पुढे जायचे. पण गाडीचे भाग असे एकसारखे बिघडत नाहीत. चाकाचा नट सैल झाला की बोल्टाभोवती गंजाचा ओघळ दिसतो. टायर नुसता 'चांगला' असून भागत नाही. पुढच्या चाकांवर नक्षीची खोली किमान एक अष्टमांश इंच, म्हणजे सुमारे ३.२ मिलिमीटर, आणि बाकीच्या चाकांवर त्याच्या निम्मी उरलेली असावी लागते. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये एखादे पान सरकून टायरला घासते का, हे वाकून पाहिल्याशिवाय कळत नाही. ब्रेकचा स्लॅक अॅडजस्टर हाताने ओढला असता सुमारे इंचभराहून जास्त हलला, तर ब्रेक ढिले आहेत. यातला प्रत्येक भाग निराळ्या रीतीने 'बोलतो'. ज्याने एकच वाक्य पाठ केले आहे त्याला चौथ्या-पाचव्या भागानंतर गाडी दिसतच नाही, त्याला पुढचा शब्द दिसतो. त्यामुळे अशा उमेदवाराला मध्येच कुणी थांबवले की त्याचा धागा तुटतो. जो गाडीच्या अंगाने वाचत जातो त्याला पुन्हा सुरुवात करायला समोरचा नटच पुरतो. आधी सांगितलेल्या अपघातांच्या अभ्यासात ब्रेकचा काही ना काही दोष २९ टक्के ट्रकांत आढळला होता. तो दोष प्रत्येक ठिकाणी अपघाताचे कारण होता असे अहवाल म्हणत नाही, पण दर दहा ट्रकांमागे जवळपास तिघांत सापडणारी गोष्ट रोज सकाळी शोधण्याजोगी नक्कीच आहे.

तपासणी म्हणजे निव्वळ उपचार, असे ज्यांना वाटते त्यांनी ८ नोव्हेंबर १९९४चा मिलवॉकीजवळचा अपघात जाणून घ्यायला हवा. महामार्गावर एका ट्रकचा मागचा दिवा आणि चिखलरोधकाचा सांगाडा निखळून रस्त्यावर पडला. मागून येणाऱ्या एका कुटुंबाची व्हॅन त्यावरून गेली, इंधनाची टाकी फुटली आणि आगीत त्या घरची सहा मुले गेली. तो सांगाडा लोंबकळत असल्याचे इतर ट्रकवाल्यांना दिसले होते आणि त्यांनी रेडिओवरून ड्रायव्हरला सावध करण्याचा प्रयत्नही केला होता. त्याला इंग्रजी नीट कळत नसल्यामुळे इशारा पोचला नाही, असे पुढे उघड झाले. पुढच्या संघीय चौकशीत आणखी भयंकर गोष्ट बाहेर आली. त्याचे लायसन्स इलिनॉय राज्यात लाच देऊन मिळवलेले होते, आणि तिथल्या लायसन्स कार्यालयांत गोळा होणाऱ्या लाचेचा पैसा त्या खात्याचे प्रमुख जॉर्ज रायन यांच्या निवडणूक निधीपर्यंत जात होता. रायन पुढे राज्याचे गव्हर्नर झाले. २००६मध्ये भ्रष्टाचाराच्या खटल्यात दोषी ठरून त्यांना साडेसहा वर्षांची शिक्षा झाली. या प्रकरणाची चर्चा होते ती बहुतेक राजकारण म्हणून. मला त्यातला तांत्रिक तपशील अधिक अस्वस्थ करतो. सहा मुलांचा जीव घेणारी वस्तू इंजिनात दडलेली नव्हती. ती गाडीच्या मागच्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीवर, चालत गेले तर दिसेल अशी होती. चाचणीच्या पहिल्या भागात ज्या जागेकडे बोट दाखवायला सांगतात, तीच ती जागा. लाच देऊन ज्या परीक्षेला बगल दिली, त्या परीक्षेचा हा प्रश्न होता.

इथे पहिला आक्षेप येतो. एवढी लांब यादी पाठ केल्याशिवाय सांगणार कशी? परीक्षक गुण देतो तो बोललेल्या शब्दांना, मग पाठांतराला नावे का ठेवायची? आक्षेप रास्त आहे. क्रम स्मरणात हवाच. पण क्रम लक्षात ठेवणे आणि वाक्ये लक्षात ठेवणे यांत फरक आहे. ३० ऑक्टोबर १९३५ला ओहायोतल्या राइट फील्डवर बोइंगचे मॉडेल २९९ हे नवे बॉम्बर विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. विमानात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना लावलेली नियंत्रणपट्ट्यांची कडी काढायची राहून गेली होती. चालवणारा लष्करातला अत्यंत अनुभवी वैमानिक होता. त्यानंतर वैमानिकांसाठी तपासणीची लेखी यादी रूढ झाली. यादी असते ती नजर फिरवण्यासाठी. डोके त्या वेळी समोरच्या वस्तूत असावे लागते. अमेरिकेतल्या वाहन प्रशासकांच्या संघटनेने, म्हणजे आम्व्हाने, आता या चाचणीची नवी आवृत्ती तयार केली आहे आणि काही राज्यांनी ती स्वीकारली आहे. तीत तपासणीचे मुद्दे कमी करून सुरक्षिततेला अत्यावश्यक तेवढेच ठेवले आहेत आणि उमेदवाराला हातात टिपणयादी बाळगायची मुभा दिली आहे. परीक्षा घडवणाऱ्यांनीच स्मरणशक्ती तपासण्याचा हट्ट सोडला, ही गोष्ट मला या वादाचा बऱ्यापैकी निकाल लावणारी वाटते. ज्याच्या राज्यात अजून जुनी पद्धत असेल त्यानेही तयारी करावी ती पायांनी : पुढच्या बंपरपासून घड्याळाच्या काट्यांसारखे फिरत, प्रत्येक फेरी प्रत्यक्ष गाडीभोवती, आणि शक्यतो रोज वेगळ्या गाडीभोवती. घरात बसून ध्वनिमुद्रण ऐकत पाठ केलेली यादी गाडी बदलली की गडबडते. पायांनी शिकलेली यादी सहसा टिकते.

तपासणीतला एक तुकडा असा आहे की तो चुकला तर बाकी सारे बरोबर असूनही चाचणी तिथेच संपते. तो म्हणजे हवेच्या ब्रेकची परीक्षा. ती इतकी कडक का, हे समजायला आतली रचना समजून घ्यावी लागते. मोटारीत पाय दाबला की तेल ब्रेकपर्यंत दाब नेते. जड ट्रकमध्ये हे काम दाबलेली हवा करते. इंजिनावर चालणारा कॉम्प्रेसर टाक्यांमध्ये हवा भरतो आणि पेडल दाबले की ती हवा चाकांपाशी जाऊन ब्रेक लावते. पार्किंग आणि आणीबाणीचे ब्रेक मात्र याच्या उलटे चालतात. तिथे एक जबर स्प्रिंग ब्रेक लावून धरण्यासाठी सतत जोर करत असते आणि हवेचा दाब तिला मागे रेटून धरतो. हवा गेली की स्प्रिंग मोकळी होते आणि गाडी थांबते. हवा गेली की ब्रेक लागावेत, हे तत्त्व जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्या रेल्वे ब्रेकपासून चालत आले आहे. १८६९च्या त्यांच्या पहिल्या रचनेत नळी फुटली तर ब्रेकच जात, म्हणून १८७२मध्ये त्यांनी ती उलटी करून घेतली. परीक्षेत उमेदवार ही साखळी टप्प्याटप्प्याने सिद्ध करतो. इंजिन बंद ठेवून पेडल दाबून धरले असता एका मिनिटात दाब एकसंध वाहनात ३ पीएसआय (चौरस इंचामागे पौंड) यापेक्षा आणि ट्रक-ट्रेलरच्या जोडीत ४ पीएसआयपेक्षा जास्त उतरता कामा नये. मग पेडल पुन्हा पुन्हा दाबून हवा घालवायची. दाब साधारण ६० पीएसआयच्या आसपास येईपर्यंत धोक्याचा दिवा आणि भोंगा सुरू झालाच पाहिजे. आणखी घालवत गेले की २० ते ४५ पीएसआयच्या दरम्यान पार्किंग ब्रेकच्या मुठी आपोआप बाहेर येतात, म्हणजे स्प्रिंग जागी आहे. पहिल्या पायरीत गळती कळते, दुसरीत इशारा चालतो की नाही ते कळते आणि तिसरीत शेवटचा आधार शाबूत आहे की नाही ते. ज्याने हे समजून घेतले त्याला आकडे वेगळे पाठ करावे लागत नाहीत, कारण प्रत्येक आकड्यामागे एक प्रश्न उभा असतो. समजून न घेता केलेली तयारी इथे हमखास उघडी पडते : उमेदवार पेडल दाबतो, पण काट्याकडे पाहत नाही.

हे ज्ञान फक्त परीक्षेच्या मैदानापुरते नाही. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर जड वाहनांचे अपघात वारंवार होतात. २० नोव्हेंबर २०२२ला तिथे एकाच जड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली. उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडायची किंवा इंजिनच बंद करायचे, ही सवय आपल्याकडे अनेकांना आहे. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग पेडलच्या प्रत्येक दाबाबरोबर टाकीतली हवा कमी होत जाते आणि भरून निघत नाही. गिअरचा रोध नसल्यामुळे सगळे काम ब्रेकवर येते, ड्रम तापून फुगतात आणि लायनरपासून दूर सरकतात. सीडीएलच्या पुस्तिकेतला नियम असा आहे की उतार लागण्याआधीच गिअर खाली आणायचा, सुरक्षित वेग ठरवायचा, त्या वेगाला गाडी पोचली की सुमारे तीन सेकंद ब्रेक लावून वेग ताशी ५ मैलांनी, म्हणजे ८ किलोमीटरनी, उतरवायचा आणि पाय उचलायचा. पुन्हा वेग चढला की पुन्हा तसेच. खंडाळ्याच्या घाटात मुरलेल्या जुन्या ड्रायव्हरला यात नवे काही वाटणार नाही. अमेरिकेत आणि इथे नियम एकच आहे, कारण उष्णता एकच आहे.

दुसरा भाग मैदानावरचा. जुन्या पद्धतीत सरळ रिव्हर्स, बाजूच्या रांगेत तिरके रिव्हर्स, समांतर पार्किंग आणि काटकोनातून धक्क्याला ट्रेलर लावणे असे प्रकार असतात. नव्या पद्धतीत ठरल्या रेषेवर थांबणे, सरळ रिव्हर्स, पुढे जात रांग बदलणे आणि मागे येत रांग बदलणे. अवघड वाटते ते यातले भौमितिक उलटेपण. ट्रेलर जिकडे वळवायचा त्याच्या विरुद्ध दिशेला स्टिअरिंगचे वरचे टोक न्यावे लागते, आणि ट्रेलर वळू लागला की लगेच स्टिअरिंग परत फिरवून ट्रकने त्याच्या मागे जावे लागते. नाहीतर दोघांतला कोन मिटत जाऊन गाडी घडीच्या चाकूसारखी दुमडते. यावर शाळांमध्ये एक सोपी युक्ती शिकवतात : स्टिअरिंग तळाशी धरा, मग हात जिकडे जाईल तिकडे ट्रेलर जातो. युक्ती चांगली आहे. पण रिव्हर्स हा हातांचा खेळ आहे असा समज करून घेतलेला उमेदवार मैदानावर नेमका घाईने हरतो. चूक हातात सुरू होत नाही. ट्रेलर हातभर सरकल्याचे आरशात दिसते, तेव्हाच दुरुस्ती केली तर स्टिअरिंग थोडेसे फिरवून काम भागते. मीटरभर सरकल्यावर लक्षात आले तर गाडी पुढे काढण्यावाचून उपाय नसतो. म्हणजे रिव्हर्सचे कसब हे मुख्यतः लवकर दिसण्याचे कसब आहे, आणि लवकर दिसण्यासाठी वेग इतका कमी हवा की दोन्ही आरशांकडे आलटून पालटून पाहायला वेळ मिळेल.

याच भागात एक मुभा आहे, तिचा वापर उमेदवार फार कमी करतात. गाडी थांबवून, खाली उतरून, ट्रेलर कुठे आहे हे पाहून यायला परवानगी असते. अमेरिकी ट्रकवाल्यांत 'उतरा आणि बघा' हे घोषवाक्यच झाले आहे. किती वेळा उतरता येईल याला मर्यादा आहे, आणि उतरताना पार्किंग ब्रेक लावलेला हवा, तोंड गाडीकडे हवे आणि दोन हात व दोन पाय यांपैकी तीन सतत गाडीला टेकलेले हवेत. तसे न उतरल्यास नापासही होता येते. उमेदवाराला उतरणे म्हणजे कच्चेपणाची कबुली वाटते. परीक्षकाच्या कागदावर मात्र नियमात राहून उतरण्याचे गुण कापले जात नाहीत. कापले जातात ते रेषा ओलांडल्याचे आणि मुभेपेक्षा जास्त वेळा पुढे-मागे केल्याचे. नोकरीतही हिशेब असाच आहे. गोदामाच्या धक्क्यावर ट्रेलरच्या मागे कोण उभे आहे हे कॅबिनमधून दिसतच नाही. सरावाच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक रिव्हर्समध्ये एकदा उतरायचेच, गरज असो वा नसो, असा नियम स्वतःला घातला तर परीक्षेच्या दिवशी उतरण्याचा संकोच उरत नाही. शिक्षक बाहेरून हातवारे करून गाडी लावून देत असेल तर त्याला नम्रपणे थांबवावे. त्या मदतीने गाडी जागेवर लागते, पण शिकतो तो शिक्षक.

रस्त्यावरच्या भागाबद्दल लोक सर्वाधिक बोलतात, आणि मला तिथे सर्वांत कमी सांगायचे आहे, कारण पहिल्या दोन भागांत लागलेली सवयच तिथे चालते. एक हिशेब मात्र प्रत्येक उमेदवाराने स्वतः मांडून पाहावा. ताशी ५५ मैल, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर वेगाने जाणारा ड्रायव्हर धोका ओळखेपर्यंत गाडी १४२ फूट गेलेली असते, पाय ब्रेकवर जाईपर्यंत आणखी ६१ फूट, ब्रेक लागून थांबेपर्यंत २१६ फूट, आणि हवेला नळ्यांतून चाकांपर्यंत पोचायला लागणाऱ्या क्षणाचे आणखी ३२ फूट. एकूण ४५० फुटांच्या वर, सुमारे १३७ मीटर, आणि तेही कोरड्या रस्त्यावर. पुस्तिका सांगते की गाडीच्या दर १० फूट लांबीमागे एक सेकंद अंतर ठेवा, आणि वेग ताशी ४० मैलांच्या वर असेल तर एक सेकंद जास्त. ६० फुटी ट्रेलरला म्हणजे सात सेकंद. या वेगाने सात सेकंदांत गाडी सुमारे १७२ मीटर जाते, म्हणजे थांबायला लागणाऱ्या अंतरापेक्षा फक्त ३५ मीटर जास्त. सात सेकंद ही भित्र्या माणसाची चैन नाही हे यावरून कळते. रस्त्याच्या सरावाचा उत्तम मार्ग म्हणजे मोठ्याने बोलत चालवणे : पुढे १२ ते १५ सेकंदांवर काय आहे, आरशात काय आहे, कुठला सिग्नल किती वेळ हिरवा आहे, कुठल्या पुलाची उंची किती लिहिली आहे. जे बोलता येत नाही ते बहुधा पाहिलेले नसते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो अभ्यासकांकडून येतो. तासाभराच्या चाचणीने सुरक्षित ड्रायव्हर निवडता येतात याला पुरावा काय? रात्र, बर्फ, थकवा, मालकाची घाई यांपैकी काहीही त्या मैदानावर नसते. फार पक्का पुरावा नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ७ फेब्रुवारी २०२२पासून अमेरिकेत नव्या उमेदवारांना नोंदणीकृत संस्थेत प्रशिक्षण घेणे सक्तीचे झाले. त्या नियमाच्या मसुद्यात 'ए' वर्गासाठी स्टिअरिंगवर किमान ३० तास अशी अट होती. अमुक तासांमुळे अपघात अमुक इतके घटतात हे दाखवणारी माहिती हाती नसल्यामुळे २०१६च्या अंतिम नियमातून ती वगळण्यात आली. आता लेखी भागात ८० टक्के गुण आणि प्रत्यक्ष भागात शिक्षकाची खात्री, एवढीच अट आहे. पण या आक्षेपातून निघणारा निष्कर्ष माझ्या मते उलट्या बाजूचा आहे. चाचणी जर थोडेच तपासू शकते, तर उरलेली जबाबदारी तयारीवर येते. तासांची सक्ती नाही म्हणून कमीत कमी तासांत उरकून घेणे, हा त्या नियमाचा सर्वांत वाईट अर्थ झाला. जी चाचणी थकव्यातल्या निर्णयाची परीक्षा घेत नाही तिच्या तयारीत निदान अशी सवय तरी लागावी, जी थकल्यावरही टिकेल. थकलेल्या माणसाचे ठरवणे आधी ढासळते आणि सवय त्यानंतर.

तंत्रज्ञानाचा आक्षेप मला तितका वजनदार वाटत नाही. स्वयंचलित गिअर, कॅमेरे, आपोआप लागणारे ब्रेक आले, आता या जुन्या कसोट्या कशाला, असे विचारले जाते. स्वयंचलित गिअरच्या गाडीत चाचणी दिली तर लायसन्सवर तशी मर्यादा नोंदवली जाते. हवेचे ब्रेक नसलेल्या गाडीत दिली तर तीही. परीक्षेची गाडी निवडताना पुढे कुठली नोकरी करायची आहे याचा विचार करावा, एवढाच त्याचा व्यावहारिक अर्थ. गिअर सोपे झाले म्हणून हात मोकळे होतात आणि नजरेचे काम तेवढेच राहते. लोंबकळणाऱ्या सांगाड्याची खबर देणारा सेन्सर गाडीत नसतो.

उरतो तो भाषेचा आणि पैशाचा प्रश्न, आणि इथे माझी सहानुभूती उमेदवाराच्या बाजूने आहे. प्रात्यक्षिक चाचणी इंग्रजीतच घ्यावी आणि दुभाषा नसावा, असा संघीय नियम आहे. जून २०२५पासून तर रस्त्यावरच्या तपासणीत इंग्रजी पुरेसे न आढळल्यास ड्रायव्हरला तिथेच कामावरून थांबवण्याची तरतूद पुन्हा लागू झाली. अमेरिकेच्या ट्रकव्यवसायात पंजाबी बोलणारे भारतीय मोठ्या संख्येने आहेत, आणि अशा नियमांची झळ सर्वांत आधी त्यांच्यासारख्यांना लागते. भाषेच्या नावाखाली कुणाला छळले जाऊ नये, ही मागणी योग्य आहे. तरीही १९९४चा तो रेडिओवरचा इशारा विसरता येत नाही. तपासणीत लागणारे इंग्रजी साहित्यिक नसते, शे-दोनशे शब्दांचे असते, आणि ते गाडीभोवती फिरत, वस्तूला हात लावत शिकले तर वर्गात शिकण्यापेक्षा लवकर येते. पैशाचे म्हणाल तर प्रशिक्षणाला हजारो डॉलर लागतात, आणि पुष्कळ जण कंपनीच्या शाळेत शिकून त्या बदल्यात ठरावीक काळ नोकरीचा करार करतात. नापास झालेला एक दिवस त्यांना फार महाग पडतो. म्हणूनच शाळा त्यांना पाठांतराचा झटपट मार्ग देतात आणि म्हणूनच ते तो घेतात. दोष उमेदवाराचा नाही. पण सरावासाठी गाडी मिळत नसेल त्या दिवशीही कुठल्याही उभ्या ट्रककडे पाहून त्याचे टायर, नट, पाटे आणि दिवे मनाशी वाचता येतात, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

अमेरिकी नियमांत आणखी एक तरतूद आहे. ज्याने उमेदवाराला शिकवले, त्याला त्याच उमेदवाराची चाचणी घेता येत नाही. इलिनॉयसारख्या गैरव्यवहाराला आळा बसावा हा त्याचा हेतू उघड आहे, पण तयारी करणाऱ्याने त्यातून स्वतःसाठीही काही घ्यावे. चाचणीच्या आठवडाभर आधी पूर्ण तालीम करावी ती आपल्याला न शिकवलेल्या माणसासमोर. जवळ सीडीएल असलेला एखादा नातेवाईक, दुसऱ्या तुकडीचा शिक्षक, मित्राच्या ओळखीतला ड्रायव्हर, कोणीही चालेल. शिक्षकाला उमेदवाराचे अर्धे वाक्य कळते आणि उरलेले तो मनातच पूर्ण करतो. परक्या माणसाला ते पूर्ण ऐकावे लागते. त्याने मध्येच एखाद्या भागाकडे बोट दाखवून 'हे बिघडलेले कसे ओळखाल?' एवढेच विचारावे आणि उमेदवाराने सांगता सांगता तिथे वाकून पाहावे. जिथे तो न वाकता उत्तर देतो, त्या जागांची यादी करून उरलेल्या दिवसांत नेमक्या त्याच जागा पुन्हा पाहाव्यात.